पाऊण भागिले अर्धा : दीड की सव्वा?

तळटीप

धागा खरं तर छोटाच व्हायला हवा, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकते.

लेक सहावीत आहे. अपूर्णांकांचा भागाकार चालू आहे. वहीत उदाहरण होतं ३/४ ÷ १/२. तिने शिकवल्याप्रमाणे भाजक उलटा केला, गुणलं, ६/४ आले, संक्षिप्त रूप ३/२. दीड. पुस्तकामागचं उत्तरही तेच. मी खूश, ती नाही. म्हणाली, "आई, पाऊण तर एकापेक्षा कमी. त्याला भागलं आणि दीड झालं? भागल्यावर वाढतं कसं?"

तेवढं मला जमलं. म्हटलं, भागायचं म्हणजे पाऊणमध्ये अर्धे किती मावतात ते बघायचं. तिने कागदावर रेघ मारली, पाऊण भाग रंगवला आणि मोजायला बसली. "एक अर्धा मावला. उरला पाव. म्हणजे एक आणि पाव. सव्वा! मग दीड कुठून आणलं?"

इथे माझी बोलती बंद. मी दोनदा करून पाहिलं. पाऊणातून अर्धा काढला की पावच उरतो, त्यात काही खोट नाही. पण उत्तर दीड. शेवटी "नियमच आहे तसा" असं म्हणून सुटका करून घेतली आणि तेव्हापासून स्वतःचाच राग येतोय. बारावीपर्यंत गणित घेतलं होतं मी!

तर प्रश्न दोन. तिची सव्वा नेमकी कुठे चुकते? आणि भाजक उलटा का करतात? "उलटा करायचा असतो" हे उत्तर नको, ते मलाही येतं.

उगीचच

दीडच. कॅल्क्युलेटरवर ०.७५ भागिले ०.५ करून बघा. १.५ येतं. विषय संपला.

तळटीप

@उगीचच, उत्तर माहीत आहे हो. कारण विचारलंय.

शेवटचा_बाक

लेकीला माझा नमस्कार सांगा. मी नियम पाठ केला, परीक्षा दिली, विसरलो. असा प्रश्न पडलाच नाही कधी. इथेच बसतो धागा धरून.

चौकटवही

चौकटीच्या वहीत बारा घरांची एक पट्टी आखा. ही पूर्ण पट्टी म्हणजे १. बाराच का, तर बाराचे अर्धे, पाव, तिसरे, सहावे सगळे हिस्से पूर्ण घरांत पडतात.

पाऊण म्हणजे ९ घरं. अर्धा म्हणजे ६ घरं. प्रश्न काय? ९ घरांत ६-६ घरांचे किती तुकडे बसतात. एक तुकडा बसला, ३ घरं उरली. ही ३ घरं म्हणजे किती? इथेच गंमत आहे. ती पूर्ण पट्टीचा पाव आहेत, कारण १२ पैकी ३. पण ज्या तुकड्याने आपण मोजतोय त्याचा ती अर्धा आहेत, कारण ६ पैकी ३. तुकडे मोजायला निघालो आहोत, तर उत्तरही तुकड्यांतच हवं. एक तुकडा आणि अर्धा तुकडा. दीड.

लेकीने एक मोजताना तुकड्याचं माप वापरलं आणि पाव मोजताना पट्टीचं. तेवढीच चूक.

निवृत्त_मास्तर

चौकटवही यांनी चित्र दिलं, मी त्याला शब्द देतो. वर्गात माझा एकच प्रश्न ठरलेला असे आणि पोरं त्यावरून मला चिडवायचीही: "कशाचा?" कोणी पाव म्हटलं की, कशाचा पाव?

आपल्या भाषेत हे मुरलेलं आहे, आपलं लक्ष नसतं इतकंच. सव्वादोन म्हणजे दोन आणि एकाचा पाव. सव्वाशे म्हणजे मात्र शंभर आणि शंभराचा पाव, एकशेपंचवीस. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर, पावणेदोनशे म्हणजे एकशेपंचाहत्तर, साडेतीनशेतला 'साडे' हा शंभराचा अर्धा. सव्वाशे म्हणजे शंभर पूर्णांक एक चतुर्थांश असं कोणी शेंबडं पोरही म्हणणार नाही. पाव तोच, पण तो कशाचा हे शेजारचा शब्द ठरवतो.

तुमच्या लेकीच्या 'एक आणि पाव'मधला एक हा अर्ध्यांचा एक आहे आणि पाव हा पूर्णाचा पाव आहे. दोन निराळी मापं एका 'आणि'ने जोडली.

पण ताई, तिला चूक म्हणू नका. तिने भागाकार आणि बाकी दोन्ही बरोबर काढलेत. भागाकार १, बाकी १/४. ताळा घ्या, १ × १/२ + १/४ = ३/४, जुळतो. १७ भागिले ५ करताना आपण भागाकार ३, बाकी २ म्हणतो. तेच अपूर्णांकात लिहायचं झालं की ३ २/५ लिहितो, ३ आणि २ नाही. बाकीखाली भाजक येतो. इथेही बाकी १/४ ला भाजक १/२ ने मापायचं राहिलं. पाव हा अर्ध्याचा अर्धा. झाले दीड.

तळटीप

मास्तर, १७ भागिले ५ वाचून कपाळावर हात मारला. गेली कित्येक वर्षं मी ३ २/५ लिहितेय आणि खालचा ५ तिथे का येतो हे आज कळलं. चौकटवही, पट्टी उद्या तिच्याकडूनच आखून घेते.

दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे बरं का.

अंशतः_सहमत

उलटा करण्याकडे वळू.

५ ÷ २/३ घ्या. थेट पाचात किती ते शोधू नका, आधी एकात २/३ किती वेळा बसतो ते बघा. एकदा बसला, १/३ उरला, तो २/३ चा अर्धा (मास्तरांचं 'कशाचा' इथेही आलंच). म्हणजे एकात दीड वेळा, ३/२ वेळा. मग पाचात त्याच्या पाचपट, ५ × ३/२ = साडेसात. पाऊणात त्याच्या पाऊणपट, अकरात अकरापट.

तो उलटा केलेला ३/२ कुठून टपकला नाही. 'एका पूर्णात हा भाजक किती वेळा मावतो' याचं ते उत्तर आहे. १/२ एकात दोनदा मावतो म्हणून १/२ ने भागणं म्हणजे २ ने गुणणं. ४/५ एकात सव्वा वेळा मावतो, ५/४. शाळेत याला गुणाकार व्यस्त म्हणतात आणि नाव देऊन पुढे सरकतात.

शेवटचा_बाक

आता माझा जुना सल काढतो. शाळेत मी भागाकार असा करायचो: अंशाला अंशाने भाग, छेदाला छेदाने भाग. गुणाकार तसाच करतात, मग भागाकार का नाही? फुली मिळायची. आत्ता हेच उदाहरण तसं करून पाहिलं. ३ ÷ १ = ३, ४ ÷ २ = २. उत्तर ३/२! हा योगायोग का?

बाकी_शून्य

योगायोग. आकडे सोयीचे होते म्हणून जमलं. असल्या पद्धती मुलांना दाखवू नका, घोटाळा होतो.

अंशतः_सहमत

बाकी_शून्य, इथे मी अंशतःही सहमत नाही :)

योगायोग नाही, पद्धत कायम बरोबर आहे. ८/१५ ÷ २/३ घ्या. ८ ÷ २ = ४, १५ ÷ ३ = ५, उत्तर ४/५. ताळा: ४/५ × २/३ = ८/१५. गुणाकारात अंश अंशाशी आणि छेद छेदाशी गुणला जातो, मग ते उलगडताना तसंच भागलं तर बिघडणार कसं?

अडतं कुठे तर आकडे नि:शेष भागले गेले नाहीत की. ३/५ ÷ २/७ मध्ये ३ ला २ ने आणि ५ ला ७ ने भागायला गेलात तर अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक येतो. उत्तर तेव्हाही चूक नसतं, बघवत नाही एवढंच. उपाय सोपा आहे. भाज्याला असं सममूल्य रूप द्या की भाग पूर्ण जाईल. अंश २ ने आणि छेद ७ ने भागला जायला हवा, म्हणून अंश-छेद दोन्ही १४ ने गुणा. ३/५ = ४२/७०. आता ४२ ÷ २ = २१, ७० ÷ ७ = १०. उत्तर २१/१०.

आणि हे २१ आणि १० काय आहेत? २१ म्हणजे ३ × ७, १० म्हणजे ५ × २. भाजक उलटा करून गुणल्यावर जे येतं तेच. शेवटचा_बाक, तुमची पद्धत दोन पावलं पुढे नेली असती तर नियमच तुमच्या हाती लागला असता. फुली मारणाऱ्याने तेवढं थांबायला हवं होतं.

बाकी_शून्य

चार-पाच उदाहरणं करून पाहिली. शब्द मागे घेतो.

शेवटचा_बाक

आज इतक्या वर्षांनी माझी फुली पुसली गेली. पार्टी माझ्याकडून.

चौकटवही

याच धाग्यात बेरजेचंही होऊन जाऊ दे, कारण खरी पडझड तिथे होते. भागाकारात मुलं निदान नियम पाठ करतात. बेरजेत त्यांना वाटतं नियमाची गरजच नाही. १/२ + १/३ = २/५. वरचं वर, खालचं खाली.

मी यावर "चूक" म्हणत नाही. विचारते, २/५ अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? लहान. म्हणजे अर्ध्यात आणखी काहीतरी घातलं आणि तो आटला? मुलगा स्वतःच खोडरबर शोधायला लागतो.

अमेरिकेत १९७८ साली राष्ट्रीय पातळीवरच्या एका चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय १, २, १९ आणि २१. गणित करायचंच नव्हतं. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ, म्हणजे उत्तर २ च्या आसपास. ते फक्त २४ टक्के मुलांनी निवडलं. १९ आणि २१ वर खुणा करणारे मिळून निम्म्याहून जास्त होते. १२ आणि ७ चे १९, १३ आणि ८ चे २१. मुलांना तिथे अपूर्णांक दिसलेच नाहीत, चार सुटे आकडे दिसले.

निवृत्त_मास्तर

आकड्यांच्या या सुटेपणावर माझा जुना उपाय: अपूर्णांक वाचायचा कसा ते बदला. तीन-छेद-आठ म्हणू नका, "आठवे हिस्से, तीन" म्हणा. छेद हे हिश्श्याचं नाव आहे, मोजणी अंशात आहे. छेद शब्दाचा अर्थच कापणं आणि अंशाचा अर्थ वाटा, पण वर्गात हे शब्द इतके घासले जातात की अर्थ झडून जातो.

तीन पेन्सिली आणि दोन पेन्सिली म्हणजे पाच पेन्सिली. पेन्सिलींची बेरीज करत नाही आपण. तसेच तीन आठवे आणि दोन आठवे म्हणजे पाच आठवे, ५/८. नाव तेच राहतं. आता एक दुसरा आणि एक तिसरा यांची बेरीज काय? नावं निराळी, मोजणी जमत नाही. म्हणून दोघांना एकाच नावाखाली आणायचं. सहावे हिस्से चालतील, कारण अर्धा म्हणजे तीन सहावे आणि तिसरा म्हणजे दोन सहावे. पाच सहावे, ५/६. समच्छेद करणं म्हणजे एवढंच, नाव एक करणं. वजाबाकीचं निराळं काही नाही.

बाकी_शून्य

घड्याळ वापरा, सगळ्यात सोपं. अर्धा तास ३० मिनिटं, तिसरा हिस्सा २०, मिळून ५०, म्हणजे ५० मिनिटं ६० पैकी, ५/६. दोन तृतीयांश तासातून पाव तास काढला तर ४० − १५ = २५ मिनिटं, ५/१२. मिनिट हाच तयार समच्छेद आहे. ६० ला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५ एवढ्या सगळ्यांनी भाग जातो. साठाची ही पद्धत बॅबिलोनियाची, तिथले लोक अपूर्णांकही साठाव्या हिश्श्यांत लिहीत.

७ आणि ८ आले की घड्याळ अंग काढून घेतं, हे आधीच सांगून ठेवतो.

शेवटचा_बाक

मग लसावि कशाला लागतो? छेदांचा गुणाकार केला तरी नाव एक होतंच की.

चौकटवही

होतं. लसावि काढलाच पाहिजे अशी सक्ती नाही, त्याने आकडे आवाक्यात राहतात. ५/१२ + ७/१८ मध्ये लसावि ३६: १५/३६ + १४/३६ = २९/३६. छेद गुणले तर २१६: ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६, मग ६ ने छाटून पुन्हा २९/३६. पोचता तिथेच, फक्त लांबून. तिरकस गुणाकाराची जी झटपट युक्ती सांगतात ती हाच लांबचा रस्ता आहे. तीन अपूर्णांक आले की ती युक्ती मुलांना तोंडघशी पाडते, म्हणून मला ती आवडत नाही. छेद लहान असले तर मात्र खुशाल गुणा, लसाविसाठी उभी मांडणी करत बसू नका.

उगीचच

मी काडी टाकतो. वरचं वर, खालचं खाली ही बेरीज चूक म्हणता ना? पहिल्या चाचणीत १० पैकी ७, दुसरीत २० पैकी ८. एकूण ३० पैकी १५. ७/१० + ८/२० = १५/३०. सगळे शिक्षक असंच करतात. आता बोला.

निवृत्त_मास्तर

उगीचच, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही विचारलात. (असं लिहावं लागेल वाटलं नव्हतं.)

कशाचा? ७/१० हे दहा गुणांच्या चाचणीचे सात दशांश. ८/२० हे वीस गुणांच्या चाचणीचे. १५/३० हे तीस गुणांच्या एकत्रित चाचणीचे. तिन्ही वेळा पूर्ण निराळा. आपण तिथे अपूर्णांकांची बेरीज करतच नाही. मिळालेले गुण मिळालेल्यांत घालतो, शक्य गुण शक्यांत, आणि नवं गुणोत्तर मांडतो. मध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ते खोटं पडतं, कारण ७/१० + ८/२० ही बेरीज म्हणून केली तर ११/१० येते, एकाहून जास्त. कोणालाही ३० पैकी ३३ गुण मिळत नाहीत.

एक खूण लक्षात ठेवा. असं एकत्र केलेलं गुणोत्तर नेहमी दोघांच्या मध्ये पडतं. ७/१० आणि ८/२० च्या मध्ये १५/३०. बेरीज मात्र दोघांपेक्षा मोठी असायलाच हवी (ऋण आकडे सोडून). उत्तर दोघांच्या मध्ये आलं तर समजा, बेरीज झालेली नाही. १/२ आणि १/३ च्या मधले २/५ आठवा.

अंशतः_सहमत

+१. आणि हे मधलं गुणोत्तर छेदांवर अवलंबून असतं, हे विसरायचं नाही. ७/१० ऐवजी त्याच किमतीचे ७०/१०० घेतले तर ७८/१२० येतात, म्हणजे ०.६५, आधीचं उत्तर ०.५ होतं. अपूर्णांकाची किंमत न बदलता उत्तर बदलतं, त्या क्रियेला अपूर्णांकांची बेरीज म्हणताच येणार नाही.

पूर्वरंग

थोडं जुनं सांगतो, आवडत नसेल तर पुढे सरका.

ब्रिटिश म्युझियममध्ये ऱ्हाइंड पपायरस हा इजिप्तचा गणिताचा जुना लेख आहे, सुमारे इ. स. पू. १५५० चा, आह्मेस नावाच्या लेखनिकाने नकललेला. प्राचीन इजिप्तचे लोक २/३ सोडला तर जवळपास सगळं १ अंशाच्या अपूर्णांकांतच लिहीत, आणि एकच हिस्सा दोनदा लिहीत नसत. २/५ लिहायचे तर १/३ + १/१५. ताळा घ्या: ५/१५ + १/१५ = ६/१५. या पपायरसची सुरुवातच ३ ते १०१ पर्यंतच्या विषम संख्यांनी २ ला भागण्याच्या कोष्टकाने होते. आपला समच्छेद किती मोठी सोय आहे ते त्या कोष्टकाकडे पाहिलं की कळतं.

भाजक उलटा करण्याचा नियम ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात (इ. स. ६२८) आहे, भास्कराचार्यांच्या लीलावतीतही (११५०) आहे. पण हे लोक मधली रेघ देत नसत, अंश वर आणि छेद खाली एवढंच. पूर्णांकयुक्त असेल तर पूर्णांक सगळ्यात वर, तिमजली. आडवी रेघ बाराव्या शतकात मगरिबमधल्या (वायव्य आफ्रिकेतल्या) अल-हस्सार या गणितज्ञाकडे दिसते आणि इटलीच्या फिबोनाच्चीच्या १२०२ च्या ग्रंथातून ती युरोपात गेली.

शेवटचा_बाक

तिमजली लिहिण्यावरून आठवलं. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची वजाबाकी कोणी समजावेल का? ५ १/४ − २ २/३. मी नेहमी अंशाधिक करून टाकतो, २१/४ − ८/३, पण आकडे फुगतात. हातचा घेऊन केलं तर माझं २ ५/१२ येतं, अंशाधिक करून २ ७/१२. कुठलं तरी एक खोटं बोलतंय.

चौकटवही

हातच्याचं खोटं बोलतंय. काय झालं ते सांगते. समच्छेद केलेत: ५ ३/१२ − २ ८/१२. तीनातून आठ जात नाहीत म्हणून ५ मधून एक घेतलात आणि सवयीने तीनाचे तेरा केलेत. १३ − ८ = ५. बरोबर ना? दशमान वजाबाकीत हातचा दहाचा असतो. इथे घेतलेला एक हा बारा बारावे आहे. ३ चे १५ होतात, १५ − ८ = ७, वर ४ − २ = २. उत्तर २ ७/१२. मोठी माणसंही इथे हमखास घसरतात, हात आपोआप दहाकडे जातो.

हातचा नकोसा असेल तर पुढे मोजत जा. २ २/३ पासून ३ पर्यंत १/३. ३ पासून ५ १/४ पर्यंत २ १/४. मिळून २ १/४ + १/३ = २ ७/१२. मला हीच आवडते.

शेवटचा_बाक

तेराच केले होते! कुठे लपून बघताय का?

बाकी_शून्य

पूर्णांकयुक्तांच्या गुणाकाराचंही सांगून ठेवतो, लेकीला लवकरच लागेल. २ १/२ × ३ १/३ म्हणजे ६ १/६ नव्हे. पूर्णांक पूर्णांकाशी आणि अपूर्णांक अपूर्णांकाशी गुणला, पण तिरके दोन गुणाकार राहिले. २ × १/३ = २/३ आणि ३ × १/२ = दीड. चारही मिळवले तर ६ + १/६ + २/३ + १ १/२ = ८ १/३. त्यापेक्षा ५/२ × १०/३ = ५०/६ करा आणि मोकळे व्हा.

कोडगा

प्रोग्रामरकडून एक भर. संगणकात ०.१ + ०.२ केलं की बहुतेक भाषांत नेमकं ०.३ येत नाही, सतराव्या दशांश स्थळी ४ हा उपटसुंभ दिसतो. कारण संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत १/१० चा विस्तार संपतच नाही, जसा आपल्याकडे १/३ चा संपत नाही. नेमकं हवं असेल तर अपूर्णांक अपूर्णांकच ठेवावा लागतो, अंश आणि छेद वेगळे साठवून. पायथनमध्ये त्यासाठी फ्रॅक्शन नावाची सोय आहे. आत तेच चालतं, समच्छेद करायचं आणि मसाविने छाटायचं. म्हणजे उगीचच यांच्या कॅल्क्युलेटरलाही शेवटी सहावीत बसावं लागतं.

अवांतर: छाटण्यावरून, १६/६४ मधले दोन्ही ६ खोडा. १/४. उत्तर बरोबर! १९/९५, २६/६५, ४९/९८ पण तसेच. मुलांना दाखवा आणि विचारा, का चालत नाही हे?

अंशतः_सहमत

दाखवाच, पण लगेच १३/३२ पण दाखवा. तिथे ३ खोडले तर १/२ येतो, आणि १३/३२ अर्ध्यापेक्षा कमी आहे. १६ मधला ६ हा गुणक नाही, त्यात दहा मिळवलेले आहेत. छाटता येतं ते गुणलेलं, मिळवलेलं नाही. बीजगणितात (अ + ३)/(ब + ३) मधले ३ खोडणारे सगळे इथूनच निघतात.

तळटीप

उशीर झाला लिहायला. पट्टी आखली. मी काही बोलले नाही, फक्त "कशाचा पाव?" एवढंच विचारलं (मास्तर, उसनं घेतलं). ती थोडा वेळ त्या तीन घरांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अच्छा, याला पावपण म्हणता येतं आणि अर्धापण. मग आधी ठरवायला पाहिजे ना!" दीड तिने स्वतःच लिहिलं.

मग म्हणाली, आता उलट. अर्धा भागिले पाऊण. सहा घरांत नऊ घरांचा तुकडा मावतच नाही. मी गप्प. "पूर्ण नाही मावत, पण नवातली सहा मावतात. दोन तृतीयांश मावतो." मग ३/२ आणि २/३ एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत बसली. भाजक उलटा करण्याचं कारण मी तिला अजून सांगितलेलं नाही. पण मला वाटतं तिला ते दिसायला लागलंय.

सगळ्यांचे आभार. शेवटचा_बाक, तुमची फुलीची गोष्ट तिला सांगितली. तिला तुमची पद्धत सगळ्यात जास्त आवडली.

उगीचच

मीही एक कबूल करून टाकतो. काल एक नकाशा झेरॉक्स मशीनवर ७५ टक्के करून छोटा काढला. मूळ प्रत हरवली. म्हटलं, हरकत नाही, २५ टक्के कमी केलं होतं तर २५ टक्के वाढवू. १२५ टाकले. जुन्या पारदर्शक कागदावर ठेवून पाहिलं तर लहानच. दोनदा काढला, दोन्ही वेळा लहान. मशीनला शिव्या दिल्या.

मग हा धागा आठवला. कशाचा पाव? कमी केला तो मूळचा पाव, वाढवला तो छोट्याचा. ३/४ × ५/४ = १५/१६. सोळावा हिस्सा गायब. पाऊण परत पूर्ण करायचा तर ४/३ ने गुणायला हवं, म्हणजे एकात पाऊण किती वेळा ते. कॅल्क्युलेटर न वापरता काढलं.

१३३ टाकले. केसभर कमीच पडतो नकाशा, पण ते १/३ चं दुखणं आहे, मशीनचं नाही.